फोल्डरचं नाव भजन

गुलाब, कंगन, जलवा, हलचल, अड्डा. वाचताना वाटेल, कुठल्या तरी स्टेशनसमोरच्या लॉजच्या पाट्या आहेत. पण ही यादी केंद्र सरकारची. जुलै २०२५ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं अश्लीलतेपायी जी २५ ॲप बंद करायला लावली, त्यातली ही काही. बाकीची उल्लू, फुगी, मूडएक्स वगैरे. माझ्या एका मावसभावाला त्या दिवसापर्यंत यातली दोनच ठाऊक होती. संध्याकाळी बातमी वाचून झाली आणि त्याची पंचवीसच्या पंचवीस पाठ झाली. इतकी स्वच्छ, क्रमवार आणि फुकट जाहिरात त्या धंद्यातल्या कुणालाही आजवर करता आली नव्हती.

आमच्या भिलाईतल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गणपतीच्या वर्गणीसाठी निघाला, आता सुप्रभातवर चालतो. त्यावर त्या दिवशी अंगठ्यांचा पाऊस पडला. ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी लिहिलं, ‘देर आए दुरुस्त आए.’ आमचं मराठी असंच आहे. राग मराठीत येतो आणि समाधान हिंदीत. खाली एका काकूंनी विचारलं, ‘उल्लू म्हणजे लहान मुलांचं कार्टून ना हो?’ त्यावर ग्रुपमध्ये जी शांतता पसरली, ती फक्त माहीतगार माणसांमध्येच पसरू शकते.

आता त्याच पत्रकातली बारीक अक्षरं. या पंचविसांतली पाच दुकानं याच मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये एकदा बंद केलेली होती. तेव्हाचा हिशेबही भरगच्च होता. १८ प्लॅटफॉर्म, १९ संकेतस्थळं, १० ॲप, ५७ समाजमाध्यम खाती. पाच जणांनी नवा पत्ता घेतला आणि पुन्हा शटर वर केलं. मग त्यांना पुन्हा बंद केलं. माझ्या क्वार्टरमागच्या मैदानाला एक लोखंडी फाटक आहे. त्याला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे यावरून दरवर्षी वाद आहे. भिंत मात्र तिन्ही बाजूंनी कधीच पडलेली आहे. गाई, क्रिकेटवाली पोरं, सकाळचे फिरायला जाणारे, सगळे भिंतीच्या जागेवरून ये-जा करतात. फाटकाला यंदा नवा रंग दिला.

ब्लॉक म्हणजे काय, हे भिलाईकराला दिल्लीनं शिकवायची गरज नाही. ‘महादेव’ आमच्याच गावचा. ऑनलाइन सट्ट्याचं ते ॲप उभं केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे ती पोरं भिलाईची. त्यातला एक पूर्वी ज्यूसचं दुकान चालवायचा, असं तपास यंत्रणाच सांगतात. ५ नोव्हेंबर २०२३ ला, छत्तीसगड विधानसभेच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला दोन दिवस उरलेले असताना, केंद्रानं महादेवसकट २२ ॲप बंद केली. दिल्लीचे मंत्री म्हणाले, राज्यानं दीड वर्षात बंदीची मागणीच केली नाही. रायपूर म्हणालं, तुम्हीच का नाही केली? दोघांचं भांडण संपेपर्यंत नाव बदलायला किती वेळ लागतो, हे इथल्या बारावीच्या पोराला विचारा. नाव बदलतं, लिंक बदलते, ‘आयडी चाहिए क्या’ विचारणारा माणूस तोच असतो. तेव्हा उल्लू बंद झालं म्हणून आनंद मानणाऱ्या काकांकडे पाहून तो पोरगा ज्या नजरेनं हसला, ती नजर मी ओळखतो. आम्हीही कधीकाळी मोठ्या माणसांकडे तसंच पाहायचो.

आमच्या वेळी पॉवर हाऊसकडच्या एका टॉकीजला सकाळच्या खेळाला मल्याळम सिनेमा लागायचा. पोलाद कारखान्यामुळे भिलाईत मल्याळी कुटुंबं भरपूर. त्यामुळे हा राष्ट्रीय एकात्मतेचा भाग आहे, असं समजायला जागा होती. अडचण एवढीच की रांगेत एकही मल्याळी माणूस दिसायचा नाही. पोस्टर लागलं की टॉकीजचा एक माणूस काळ्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढायचा. ठाण्यातून तसा हुकूम असायचा म्हणे. वर दोन फटकारे, खाली एक. बारीक अंगाचा, तोंडात तंबाखूचा गुडाखू, चेहऱ्यावर भिंत रंगवणाऱ्याचा कंटाळा. आम्ही शाळेत जाताना सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून ते बघायचो. खरं सांगायचं तर त्यानं फटकारे मारेपर्यंत त्या पोस्टरमध्ये नेमकं कुठे बघायचं, हे आम्हाला कळलेलं नसायचं. एकदा हात सवयीनं चालला आणि त्यानं पौराणिक सिनेमाच्या पोस्टरवरच्या अप्सरेलाही रंग फासला. ते पोस्टर बघायला आमचा अख्खा वर्ग गेला होता. संस्कृतच्या बाईंनी विचारलं, तर आम्ही म्हणालो, रंभा-उर्वशीचा धडा करतोय.

पुढे व्हिडिओ कॅसेटी आल्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायच्या. त्याहून पुढे, २०१० च्या आसपास, भिलाईच्या सुपेल्यातल्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. गाणी टाकून झाली, दोन सिनेमे टाकून झाले, की दुकानदार मान वर न करता विचारायचा, ‘और कुछ?’ या दोन शब्दांवर किती दुकानं उभी राहिली असतील याचा हिशेब कुठल्याच बँकेकडे नाही. ‘और कुछ’ला हो म्हटलं की तो ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि फोल्डरला नाव द्यायचा ‘भजन’. ‘भैया, भजन में डाल दिया हूँ, घर में कोई नहीं खोलेगा.’ तरुण पिढीचा फोन हाती लागला तर घरचे काय काय उघडतील आणि काय उघडणार नाहीत, याचा इतका अचूक अभ्यास मी कुठल्याही समाजशास्त्रज्ञाकडे पाहिलेला नाही. फक्त आजी हा घटक त्यानं धरला नव्हता. आमच्या ओळखीच्या एका घरी आजीनं खरंच भजन लावलं. पुढे काय झालं ते त्या घरात कुणी बोलत नाही. आजी मात्र शेवटपर्यंत त्या नातवाला ‘काय म्हणताय महाराज’ अशीच हाक मारायची.

त्या दुकानदाराला सरकारनं हात लावला नाही. त्याला बसवलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओनं. कित्येक महिने इंटरनेट फुकट वाटलं आणि मेमरी कार्ड संपलं. तो आता काचा बदलून देतो.

या जिओच्या आधी एक आणि नंतर एक, अशा सरकारच्या दोन मोठ्या मोहिमा होऊन गेल्या. पहिली ३१ जुलै २०१५ ची. दूरसंचार खात्यानं ८५७ संकेतस्थळं बंद करायचा आदेश काढला. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांची २०१३ पासूनची याचिका तेव्हा सुप्रीम कोर्टात होती. त्याच जुलैच्या आरंभी सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी तातडीची सरसकट बंदी द्यायला नकार दिला होता. उद्या कुणी प्रौढ माणूस येऊन म्हणेल, माझ्या चार भिंतींत मी काय पाहावं हे अडवणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. कोर्टानं जे करायला नकार दिला ते खात्यानं तीन आठवड्यांत करून दाखवलं. यादीत चुटके-विडंबनं दाखवणारं एक अमेरिकी विनोदी संकेतस्थळही जाऊन बसलं. पाचव्या दिवशी सरकार म्हणालं, लहान मुलांचा वापर केलेली स्थळं तेवढी बंद ठेवा, बाकीची नाही ठेवली तरी चालेल. कुठे काय आहे ते इंटरनेट कंपन्यांनीच बघून ठरवावं. कंपन्या म्हणाल्या, आम्ही कसं बघणार? बघण्याची जबाबदारी कुणीच घ्यायला तयार नाही, असा हा भारतातला एकमेव काळ असावा.

दुसरी २०१८ ची. सप्टेंबरात उत्तराखंड हायकोर्टानं जुनी बंदी पाळा म्हणून सुनावलं. मग माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं त्याच ८५७ स्थळांची फेरतपासणी केली, आणि ३० ठिकाणी अश्लील असं काहीच सापडलं नाही. उरलेली ८२७ बंद. मला बंदीपेक्षा ही तपासणी छळते. दिल्लीतल्या कुठल्याशा भवनात, ट्यूबलाइटखाली, दाराला कडी लावून एक माणूस बसलाय. समोर रजिस्टर. अनुक्रमांक, पत्ता, शेरा. सापडले. सापडले. सापडले. चारला चहा. सापडले. मग अचानक, सापडले नाही. त्या तीस ठिकाणी त्यानं किती वेळ शोधलं असेल? घरी बायकोनं विचारलं असेल, आज उशीर का? आणि वर्षअखेरीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी काय लिहिलं असेल, ‘कामात एकाग्रता उत्तम’?

कायदा तसा सोपा आहे. प्रौढ माणसानं प्रौढांचं काही एकांतात पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ते छापणं, विकणं, पाठवणं हा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९४ आहे. मोबाइलवरच्या मालाला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ आणि ६७-अ. पहिल्या खेपेला एकात तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यात पाच. रात्री रस्त्याकडेला उभं राहून मोबाइलवर एकटाच पाहणाऱ्या एका तरुणावरचा गुन्हा केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये रद्द केला, तो याच कारणानं. त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी पालकांना मोबाइल जपून देण्याचा उपदेश केला, आणि जाता जाता हेही सांगितलं, की मुलांना स्विगी-झोमॅटोवरून मागवू देऊ नका, आईच्या हातचं खाऊ द्या. मी हे घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘म्हणजे हेही शेवटी आमच्याच गळ्यात.’

सोपा कायदा, पण नेम अजब. मराठी माणसानं याचा शंभर वर्षांचा अनुभव घेतलाय. १९३४ साली र. धों. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. गुन्हा काय, तर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरं दिली. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तरी दंड झालाच. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील नाही, हे सुप्रीम कोर्टात ठरायला १९६९ उजाडलं. सात दिवाळ्या गेल्या. ज्यांनी तो अंक चोरून वाचला त्यांची तोवर लग्नं होऊन मुलं शाळेत गेली असतील. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांनी १९९५ मध्ये पायात बूट आणि अंगावर अजगर एवढ्याच पोशाखात जाहिरात केली. त्यांची सुटका २००९ मध्ये झाली. अजगराच्या वतीनं वन्यजीव कायद्याखाली वेगळी तक्रार होती, ते बरंच झालं. कुणाला तरी त्या प्रकरणात खरोखर त्रास झाला होता. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ बँक कर्मचाऱ्यांच्या पत्रिकेत छापून आली १९९४ मध्ये. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, छापणाऱ्यानं माफी मागितली, त्याला सोडा, कवीचं काय ते खालच्या कोर्टात ठरू दे.

डॉक्टरी सल्ला देणारा, कथाकार, दोन मॉडेल, एक कवी. यात घाण विकून बंगला बांधलेला कोणी सापडतो का बघा. त्याला वकीलच लागत नाही. त्याचं काम नव्या डोमेनवर भागतं.

आणि आमचं छत्तीसगड? आम्ही यात एक मोलाची भर घातलेली आहे. आमच्याकडे सीडी झाली.

२७ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे छत्तीसगड पोलिसांनी थेट गाझियाबाद गाठून पत्रकार विनोद वर्मा यांना घरातून उचललं. पाचशे सीडी जप्त केल्याचं सांगितलं. राज्यातल्या एका मंत्र्याची म्हणून एक चित्रफीत फिरत होती. मंत्री म्हणाले, ती बनावट आहे. वर्मा म्हणाले, मला गोवलंय. मला या सगळ्यात अडकायला झालं ते एकाच शब्दाशी. सीडी! जिओ येऊन वर्ष उलटलेलं, पोरांच्या खिशात अख्खं जग, आणि आमचं राजकारण अजून चकतीवर. त्या आठवड्यात माळ्यावरचे सीडी प्लेयर खाली उतरवून त्यावरची धूळ पुसणारे निदान दोन सज्जन मी स्वतः पाहिले. दोघांनीही सांगितलं, जुने अभंग ऐकायचे आहेत. म्हणजे फोल्डरचं नाव सात वर्षांनंतरही तेच.

साठ दिवसांत आरोपपत्र आलं नाही, वर्मा डिसेंबरअखेर जामिनावर सुटले. प्रकरण सीबीआयकडे गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष भूपेश बघेल, म्हणजे आमच्या भिलाई-३ चे रहिवासी, याच प्रकरणात कोर्टापुढे गेले, जामीन मागायला नकार दिला आणि तुरुंगात जाऊन बसले. तीन महिन्यांच्या आत, १७ डिसेंबरला, त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मार्च २०२५ मध्ये रायपूरच्या विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. सीबीआय त्याविरुद्ध वर गेली, आणि सीडीचं भूत पुन्हा तारखांना लागलं. खरं कोण, खोटं कोण, ते कोर्ट बघेल. (ही कोटी करायचा विचार नव्हता, झाली.) पण एवढं दिसतं, की आरोपांत ते ६७-अ आहे. ज्या कलमानं समाजाचं शील राखायचं, ते आमच्या राज्यात पहिल्यांदा ठळक मथळ्यात आलं ते निवडणुकीच्या वर्षाच्या उंबरठ्यावर, एका पक्षाच्या हातात कंदिलासारखं आणि दुसऱ्याच्या हातात काठीसारखं. माझी आजी अश्लील शब्द उच्चारायची नाही. ती म्हणायची, ‘तसलं.’ राज्यकर्त्यांनाही तसलं नकोच असतं. विरोधकाचं असलं तर मात्र पाचशे प्रती.

दोन ठिकाणी मला तिरकं लिहिता येत नाही. लहान मुलांचा वापर केलेला कुठलाही मजकूर हा एका मुलावर झालेल्या अत्याचाराचा पुरावा आहे. तो पाहणं, साठवणंही गुन्हाच, हे सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये निक्षून सांगितलं. त्याला ‘पोर्नोग्राफी’ म्हणूसुद्धा नका, असं कोर्ट म्हणालं. त्यावर कितीही कडक धाडी पडोत.

दुसरं ठिकाण म्हणजे एक ठाणं. कुठल्या शहरातलं ते लिहीत नाही. नात्यातल्या एका मुलीचा व्हिडिओ तिच्या जुन्या मित्रानं पसरवला होता, म्हणून मी सोबत गेलो होतो. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, दाखवा. तिनं फोन पुढे केला. त्यानं आतल्या साहेबांना बोलावलं. पुन्हा दाखवा. साहेबांनी आणखी एकाला बोलावलं. पंख्याचा खटखट आवाज येत होता आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. शेवटी हवालदार म्हणाला, अर्जासोबत याचे फोटो जोडा, प्रिंट काढून, तीन प्रतींत. ती इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, ‘काका, प्रिंट कुठून काढू? चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून?’

कुणी उत्तर दिलं नाही. अशी तक्रार आली की चोवीस तासांत मजकूर उतरवा, असं तेव्हाचे २०२१ चे नियम कंपन्यांना सांगत होते. ते नियम त्या टेबलापर्यंत पोचले नव्हते. आम्हाला सोमवारी यायला सांगितलं. तो बुधवार होता. दिल्लीत एका पत्रकानं पंचवीस ॲप एका दिवसात खाली येतात. ती मुलगी अजून नवीन नंबर कुणाला देत नाही.

असो. ग्रुपबद्दल सांगायचं राहिलं. बंदीच्या बातमीला आठवडा झाला असेल. पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी ग्रुपवर एक चित्रफीत आली. कुणी पाठवली ते सांगत नाही, ग्रुपवर त्यांच्या सूनबाई आहेत. भलत्याच ठिकाणी जायचं ते इकडे आलं, हे पहिल्या दोन सेकंदांत कळत होतं, आणि वर ओळ होती, ‘शुभ प्रभात, श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा.’ बरोबर अठरा मिनिटांनी ती गायब झाली. जागेवर तेवढं उरलं, ‘हा मेसेज काढून टाकण्यात आला आहे.’ ते ब्लॉक मात्र चोख होतं, कुठल्याच नव्या डोमेनवर परत आलं नाही. तिची आठवण त्यानंतर कुणीही काढलेली नाही.

फक्त त्या अठरा मिनिटांत आलेली उत्तरं तशीच राहिली आहेत. अकरा जणांनी न उघडताच नेहमीसारखे हात जोडले होते. उल्लूची चौकशी करणाऱ्या काकूंनी लिहिलं होतं, ‘हर हर महादेव, फार छान.’